मालक यात येत नाही

बायकोच्या तेराव्याचे पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बायका माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चपला बाहेर काढलेल्या, पदर सावरलेले, पण उंबरा ओलांडायला कुणी तयार नव्हतं. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याचा गाळा भाड्याने घेऊन माझी बायको केळीचे वेफर्स करायची आणि या सहाजणी तिच्याकडे कामाला होत्या. मी आयुष्यभर भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात कारकुनी केली. सकाळची गाडी धरून जायचं, संध्याकाळी परत यायचं. वेफर्सशी माझा संबंध एवढाच, की सुट्टीच्या दिवशी पाकिटांवर लेबलं चिकटवायची.

त्यांच्यातली सगळ्यांत वयस्क बाई साक्रीकडची, डोंगराकडच्या गावातली. बाकीच्या तिला माय म्हणायच्या. तीच बोलली.

"नाना, केळना घड येल शेतस. काय करूत?"

आधी ठरलेला माल बागायतदाराने गाळ्यावर उतरवून दिला होता. कच्ची केळी वाट पाहत नाहीत, पिकली की वेफर्सला बाद. मी म्हणालो, "करा सुरू."

अशा रीतीने मी मालक झालो.

मुलगी बंगळूरला असते. ती म्हणाली, "बाबा, बंद करा ते आता आणि इकडे या." मी बघू म्हणालो. खरं सांगायचं तर घरात बसवत नव्हतं. निवृत्तीनंतर मी आणि बायको फार बोलायचो असं नाही, पण ती घरात असली की भांड्यांचे, नळाचे, तिच्या फोनवरच्या बोलण्याचे आवाज असत. आता खानावळीचा डबा दाराला अडकवून जाणारा माणूस बेल वाजवायचा, तेवढा एक आवाज.

गाळ्यावर मात्र बरं वाटायचं. बायकोने जिथे उभं राहून काम केलं, तिथे मी उभा राहायला लागलो. माय कढईवर किसणी धरून सोललेलं केळ सरसर घासायची, चकत्या थेट तेलात पडायच्या. मग मिठाच्या पाण्याचा शिपका, तेलाचा फसफस आवाज, आणि माझं काम म्हणजे झाऱ्याने वेफर्स काढून जाळीवर टाकायचे. पहिल्या आठवड्यात किती तरी करपवले. माय करपलेले बाजूला काढायची. हळूहळू मला तो आवाज कळायला लागला. फसफस कमी झाली की झारा घालायचा. आम्ही बोलायचो नाही, पण दिवसभर एका कढईच्या दोन बाजूंना उभे असायचो. मला तेवढं पुरत होतं.

पुढच्या रांगेत चटईचा कारखाना होता. तिथे एका माणसाचा हात मशिनीत गेला. रुग्णवाहिका आली, गर्दी झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कारखान्याला कुलूप. मालक कुठे गेला ते कुणालाच सांगता येईना. जखमी माणसाची बायको लेकरं घेऊन बंद शटरसमोर बसलेली असायची. आमच्या बायका दुपारी पाणी भरायला जाताना तिला बघून यायच्या आणि गप्प गप्प कामाला लागायच्या.

एक दिवस मायने झारा माझ्या हातातून घेऊन कढईवर आडवा ठेवला.

"नाना, आमनं असं काही व्हयनं त कोन देखी?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बायको असती तर तिने पटकन काही तरी सांगितलं असतं. कोण बघणार, हे मलाही माहीत नव्हतं.

टॅक्सचं काम बघणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "तुमच्याकडे दहाच्या आत माणसं, म्हणजे ईएसआयसी, तो सरकारी कामगार विमा, तुम्हाला लागू नाही. तुम्ही कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी काढा. कामावर असताना अपघात झाला तर कायद्याने मालकाला भरपाई द्यावी लागते, ती मग कंपनी देते. पण तीन-चार ठिकाणची कोटेशन घ्या. एकाच्या भरवशावर राहू नका."

मी इंटरनेटवर एका ठिकाणी माहिती भरली, मोबाइल नंबर टाकला आणि चहा ठेवायला उठलो. चहा उकळायच्या आत फोन वाजला. त्यानंतर तो थांबेचना. पुण्याहून, नोएडाहून, कुठून कुठून. कुणी मराठीत, बरेचसे हिंदीत. बायको गेल्यावर पहिले काही दिवस भेटायला न येऊ शकलेल्यांचे फोन आले होते, मग तेही बंद झाले होते. आता दिवसभर कुणी ना कुणी मला 'सर' म्हणून हाक मारत होतं.

त्यातली एक मुलगी रोज सकाळी अकराच्या सुमाराला फोन करायची. पहिल्यांदा तिने विचारलं, "सर, आपके यहाँ काम क्या होता है?" मी सांगायला लागलो. केळी कशी निवडायची, हिरवीगार पण भरलेली हवीत, सोलताना हाताला चीक लागतो म्हणून तेल लावतात, तळण झालं ते कशावरून कळतं. तिने मध्येच थांबवलं नाही. शेवटी हसली आणि म्हणाली, "सर, मुझे तो भूख लग गई." मीही हसलो. किती तरी दिवसांनी घरात माझं हसणं मला ऐकू आलं आणि मी दचकलो.

तिच्या कंपनीचं कोटेशन दोन दिवसांत ईमेलवर आलं होतं. तरी मी तिला आणखी शंका विचारत राहिलो. प्रवासात अपघात झाला तर? सणाच्या दिवसांत दोन बायका जास्तीच्या घेतल्या तर? काही शंका खऱ्या होत्या, काही मी अकरा वाजायच्या आत तयार करून ठेवायचो. मग एका सकाळी पुरुषाचा आवाज आला. ती दुसऱ्या टीममध्ये गेली, आता तुमची केस माझ्याकडे आहे, असं तो म्हणाला. मी त्याला म्हणालो, माझ्या सगळ्या शंका फिटल्यात.

दुसरं कोटेशन जळगावातल्याच एका एजंटाकडून मिळालं. दुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस. चुणचुणीत माणूस. त्याने उभ्या उभ्या विचारलं, "किती लेबर? पगार किती देता?" मी सांगितला. त्याने भुवया उडवल्या. "एवढा कशाला दाखवता? पगारावर प्रीमियम असतो. कमी दाखवा, स्वस्तात बसवून देतो." अर्ध्या तासात त्याने छापील कागद हातात दिला. इंटरनेटवाल्यापेक्षा बराच स्वस्त.

संध्याकाळी दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. मी कारकून माणूस, कागदाला कागद लावून बघणं माझ्या हाडात. पण हे दोन कागद एकमेकांशी बोलायलाच तयार नव्हते. एकात जे पहिल्या पानावर होतं ते दुसऱ्यात कुठेच नव्हतं. एकात बारीक अक्षरात पाच अटी, दुसऱ्यात पाचच ओळी. कुणाला विचारावं? टेबलाच्या पलीकडची खुर्ची मी भिंतीला लावून ठेवली होती. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." तिने नंतर केलाही, पण तोवर मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला होता.

तेव्हा मला धुळ्याची आठवण झाली. बायकोचा मावसभाऊ धुळ्याला देवपुरात राहायचा. विम्याचं काम करण्यात त्याचा जन्म गेला होता. लहानपणी हे दोघं एका घरात वाढलेले. तेराव्याला तो आला नव्हता, तब्येत बरी नाही असा निरोप होता. मनात आलं, कागदही दाखवू आणि तिच्याबद्दल दोन शब्द बोलूही. तिची लहानपणची गोष्ट सांगणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

एसटीने निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्ही बाजूंना कपाशी. खिडकीशी बसून मी काय काय विचारायचं ते मनात घोळवत होतो, आणि त्यात विम्याचं फार थोडं होतं.

दार सुनेने उघडलं. पुढच्या खोलीत टेबल, संगणक, भिंतीवर विमा कंपन्यांची कॅलेंडरं. काम आता तीच बघते म्हणाली. सासरे आतल्या खोलीत पलंगावर. तेराव्याच्या थोडं आधी अर्धांगाचा झटका आलेला, तेव्हापासून आठवणही जाते-येते. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो, हात हातात घेतला. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ओळख पटली असावी. तोंड वाकडं होत होतं, तरी शब्द कळत होते.

"ताई नाही आली?"

सून दारातच थांबली. मला तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"गाळ्यावर आहे ती," मी म्हणालो. "केळीचे घड आलेत ना. आज निघता नाही आलं तिला."

"कामाची फार," तो म्हणाला आणि समाधानाने डोळे मिटून घेतले.

ते वाक्य तोंडातून निघालं त्या क्षणी मलाही ते खरं वाटलं होतं. ती गाळ्यावर आहे, पदर खोचून उभी आहे, संध्याकाळी मी घरी जाईन तेव्हा विचारेल, भाऊ कसा आहे. मग सुनेने हळूच हाक मारली, "काका, चहा घेता ना?" आणि मी उठलो.

चहा पिताना तिने माझे दोन्ही कागद वाचले. बोटाने एकेक ओळ धरून वाचत होती. जळगावच्या एजंटाच्या कागदावर तिचं बोट थांबलं.

"काका, यात सहाही जणींच्या नावापुढे पॅकिंग लिहिलंय. तळतं कोण?"

"माय तळते. म्हणजे एक बाई आहे वयस्क. आणि तिच्या जोडीला कुणी ना कुणी असतं."

"मग उद्या कुणाला तेलाने भाजलं, तर कंपनी विचारेल, पॅकिंगवाली बाई कढईजवळ काय करत होती? पॅकिंगचा दर कमी, म्हणून यांनी सरसकट तेच लिहिलं. पगारही कमी लिहिलाय. भरपाई मोजताना कंपनी त्याच पगारावर मोजणार. तुम्ही खरा पगार देता ना? मग वरचा फरक तुमच्या अंगावर. आणि दवाखान्याचा खर्च यात धरलेलाच नाही. तो जोडून घ्यावा लागतो."

मी इतके दिवस दोन रकमांची तुलना करत होतो. त्या दोन कागदांवर दोन वेगळे धंदे होते, हे मला तिथे कळलं. त्यातला स्वस्त धंदा माझा नव्हताच.

"हा इंटरनेटवाला बरा आहे," ती पुढे म्हणाली. "फक्त यात माणसं नावानिशी धरलीत. एखादी सोडून गेली, नवी आली, की आधी कळवायचं, विसरलात तर ती बाहेर. मी तुम्हाला तिसरं देते. नावं नकोत, संख्या आणि काम लिहायचं, सणासुदीच्या दोघी धरून आणि दवाखान्याचा खर्च जोडून. महाग पडेल, आधीच सांगते. माझंच घ्या असं नाही. पण कुठलंही घेतलं तरी तळणकाम लिहून घ्या."

मी तिचंच घेतलं. अर्ज भरता भरता मी सहज विचारलं, "आणि मी? मीही दिवसभर कढईवरच असतो."

"मालक यात येत नाही, काका," ती म्हणाली. "तुमचा अपघात विमा वेगळा काढावा लागेल. काढू या का?"

"बघू पुढे," मी म्हणालो. त्या फॉर्ममध्ये वारसाचं नाव विचारतील, नातं विचारतील, आणि इतकी वर्षं मी जे नाव लिहीत आलो ते आता लिहिता येणार नव्हतं. तिला तसं सांगितलं नाही.

पॉलिसी आली तेव्हा मी बायकांना एकत्र बसवलं आणि समजावून सांगितलं. हात-पाय दुखावला तर काय, घरी बसावं लागलं तर काय, आणि देव न करो, कुणी गेलं तर घरच्यांना काय. त्या ऐकत होत्या. मायने विचारलं, "मनामांगे कोनीच नही. मी मरनू त पैसा कोनले भेटी?"

तिथूनच धुळ्याला फोन लावला. सुनेने स्पष्ट सांगितलं, भरपाई अवलंबून असणाऱ्यांना मिळते. कुणीच नसेल तर अंत्यसंस्काराच्या खर्चापलीकडे फारसं काही नाही. पण जिवंतपणी इजा झाली, तर तिचं तिला मिळतं. मी तसंच मायला सांगितलं, शब्द जरा मऊ करून.

माय तोंडाला पदर लावून हसली. "मंग मरनं परवडाव नही, नाना."

सगळ्या हसल्या. मग जामनेरकडच्या एका गावाहून जळगावात लग्न होऊन आलेली धाकटी पोर म्हणाली, "आणि नाना, तुमचं काय?"

"मालक यात येत नाही," मी म्हणालो.

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर गेलो तर माझा झारा त्या धाकटीच्या हातात. दाराशी एक टेबल मांडलेलं, त्यावर लेबलं, डिंक, खुर्ची, खुर्चीवर घडी घातलेलं पोतं.

"तुम्ही आठे बसा, नाना," माय म्हणाली. "तुम्हले काही व्हयनं त कोन देई?"

त्यांनी मायेनेच केलं होतं ते. मी नाही म्हणू शकलो नाही. पण त्या दिवसापासून मी दाराशी बसून लेबलं लावायला लागलो, आणि आतली बोलणी मला नीट ऐकू येईनाशी झाली. कुणी तरी काही तरी म्हणायचं, सगळ्या हसायच्या, मी मान वर करायचो, तोवर हसणं संपलेलं असायचं. तळण झाल्याचा आवाज तेवढा दारापर्यंत यायचा. हात आपोआप उचलला जायचा आणि मी तो डिंकाच्या डबीवर ठेवायचो.

नवरात्राच्या आधी उपासाच्या वेफर्सची मोठी मागणी असते. दोन्ही शेगड्या पेटलेल्या होत्या. दुपारी एकदम किंकाळी आली. धाकटीच्या हातातून भरलेला झारा निसटून तेलात पडला होता. उडालेलं तेल तिच्या दंडापासून मनगटापर्यंत आणि पायावर. मी पोचेपर्यंत मायने तिला नळाखाली धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने गॅस बंद केला होता. मी रिक्षा आणली.

खासगी दवाखान्यात तिला आत नेलं. तासाभरात तिचा नवरा आला, सासू आली, मग माहेरची माणसं गाडी भरून. भाऊ, भावजय, काकू, चुलत भाऊ. बाकडी पुरेनात, त्यांनी जमिनीवर सतरंजी टाकली. भावाने मोठ्याने विचारलं, "मालक कोन हाये इथं?"

मी टोकाच्या बाकड्यावरून उठलो. "मी."

"बहीन भाजली माही. आता काय करणार तुम्ही?"

"दवाखान्याचं मी बघतो. विमा आहे सगळ्यांचा."

"विमा नका सांगू," तो म्हणाला. "ते चटईवालेबी असंच सांगत होते. माणूस लागतं इथं, माणूस."

"मी इथंच बसलोय," मी म्हणालो. "जाणार नाही."

एकदा माझ्याकडे नीट बघून तो सतरंजीवर जाऊन बसला. मी पुन्हा बसलो. संध्याकाळी त्यांनी भाकरी सोडल्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. एकमेकांना आग्रह करून वाढत होते. मला कुणी ये म्हणालं नाही, आणि म्हणावं तरी का? त्यांच्या पोरीला माझ्या गाळ्यात भाजलं होतं. थोड्या वेळाने माय गाळा बंद करून आली. किल्ली माझ्या हातात दिली, गॅसची टाकी बंद केल्याचं सांगितलं, आणि त्या लोकांकडे गेली. त्यांच्यापैकी कुणालाही ती ओळखत नव्हती. तरी सासूने सरकून जागा केली, भावजयीने भाकरीचा तुकडा पुढे केला, आणि माय त्यांच्यात बसली. ज्या बाईने मला सांगितलं होतं की माझ्यामागे कुणी नाही, ती त्या सतरंजीवर घरच्यासारखी बसली होती. मी बाकड्यावरून बघत होतो. हेवा वाटला, हे कबूल करायला हरकत नाही.

विमा कंपनीचा माणूस चौकशीला आला. गाळा बघितला, कढई बघितली, डॉक्टरचा दाखला घेतला.

"तळताना झालं?"

"हो."

"तळणकाम लिहिलंय पॉलिसीत," तो म्हणाला आणि पुढच्या पानाकडे वळला. कागदपत्रांची ये-जा झाली, धुळ्याहून सुनेने दोनदा त्यांना खडसावलं, आणि दवाखान्याचे पैसे आले. पोर घरी होती त्या दिवसांची भरपाईही तिला मिळाली. तिच्या सासरी आधी कुजबुज होती, की मालक पुढे तोंड लपवील. ती थांबली.

दिवाळीनंतर ती कामावर परत आली. दंडावर डाग राहिले आहेत. कढईजवळ जायला ती घाबरते, म्हणून पॅकिंगला बसते. झारा आता दुसऱ्या एकीकडे आहे. मी दाराशीच असतो.

ती परत आली त्या आठवड्यात तिचा भाऊ गाळ्यावर आला. पिशवीभर भरताची वांगी, हिरवी, मोठाली, देठाला अजून काटे. टेबलावर ठेवून म्हणाला, "शेतातली हायेत. वहिनींना सांगा, कपाशीच्या काड्यांवर भाजा म्हणा, गॅसवर चव येत नाही." त्याला कुणी सांगितलं नसावं. मी मान डोलावली. सांगतो म्हणालो. तो हात जोडून गेला.

संध्याकाळी घरी आलो. अंगणात काड्या नव्हत्या. एक वांगं धुऊन गॅसवरच ठेवलं आणि शेजारी उभा राहून फिरवत राहिलो. साल काळी पडली, घरभर वास सुटला. मिरची, लसूण, शेंगदाणे कुठल्या डब्यात आहेत ते शोधायला वेळ लागला. ठेचणं जरा जाडसरच झालं, मीठही कमी पडलं. खानावळीच्या पोळ्यांबरोबर खाल्लं. चांगलं लागलं. उरलेली वांगी शेजारच्या घरी नेऊन दिली, आणि येऊन ताट घासून पालथं घातलं.